अतीत कोण?

जूनच्या तिसऱ्या रविवारी मी व्हॉट्सअ‍ॅपवरची स्टेटस बघत नाही. गेली काही वर्षं हे मी ठरवून पाळतो. त्या दिवशी शाळेच्या ग्रुपपासून ऑफिसच्या चॅनलपर्यंत सगळीकडे बाप असतो. खांद्यावर बसवणारा, सायकल धरून मागे पळणारा, स्वतः झिजलेली चप्पल घालून मुलाला नवे बूट घेणारा. टाकण्यासारखा एक फोटो माझ्याकडेही आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मी पाच वर्षांचा, एका हाताने बाबांनी माझा हात धरलाय, दुसऱ्या हातात सिगारेट. तो मी कधीच टाकला नाही.

बाबा २००८ साली गेले. गेले म्हणजे वारले असं नाही, निघून गेले. वापीला काम लागलंय म्हणाले आणि विरारहून गाडीत बसले. आधी दर आठवड्याला यायचे, मग महिन्याने, मग नुसता फोन, मग फोनही बंद. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मागे कर्ज राहिलं होतं आणि आईच्या दोन बांगड्या त्यांच्यासोबत गेल्या होत्या. पोलिसांत हरवल्याची नोंद केली. मामा वापीला जाऊन आला, तिथून कळलं की त्यांनी काम केव्हाच सोडलंय. पुढे काहीच नाही. पहिले काही महिने घरात रडारड होती. नंतर, खरं सांगायचं तर, जरा हलकं वाटू लागलं. रात्री उशिरा दार वाजलं की पोटात गोळा यायचा, तो यायचा बंद झाला. हे हलकं वाटणं मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

सतरा वर्षं आमच्या आगाशीच्या घरात या विषयावर कोणी बोललं नाही. २०२५च्या भाद्रपदात बोलावं लागलं, कारण माझं लग्न ठरलं. लग्नाला पत्रिका लागते आणि पत्रिकेत वडिलांचं नाव लागतं. नावाआधी दोनच गोष्टी येऊ शकतात, ‘श्री.’ किंवा ‘कै.’. तसंच आईच्या नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’. पितृपक्ष लागला त्या दिवशी आई सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अरे, बाबांचं काय करायचं ते एकदा ठरवायला हवं.”

माझं काम डेटाबेसचं. ज्या रकान्यात फक्त हो किंवा नाही चालतं, तिथे ‘माहीत नाही’ हे उत्तर आलं की सिस्टिम कशी अडते हे मी रोज बघतो. पण हा प्रश्न आमच्याआधी किती जणांना पडला असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्या पंधरवड्यात रात्री रात्री बसून वाचलं. जे सापडलं त्यातलं बरंचसं इथे लिहितोय.

गुरुजींकडे गेलो तेव्हा पहिला शब्द कानावर पडला तो ‘जीवत्पितृक’. ज्याचा बाप जिवंत आहे तो. अशा माणसाला पितरांचं तर्पण करायचा अधिकार नाही. लग्नाआधी नांदीश्राद्ध असतं, त्यात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. बाप जिवंत असेल तर मोजणी आजोबांपासून सुरू होते. म्हणजे मी कुठून सुरुवात करायची, हे माझा बाप आहे की नाही यावर ठरणार. गुरुजी भले माणूस. म्हणाले, “शास्त्रात सोय आहे. तुम्ही आईंना विचारा.”

सोय खरोखरच आहे, आणि ती फार जुनी आहे. परदेशी गेलेल्या माणसाची बातमी येत नसेल तर किती वर्षं वाट पाहायची, याची चर्चा धर्मशास्त्राचे निबंधग्रंथ करतात. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९०चा, आणि महाराष्ट्रातले भटजी आजही तोच काढून बघतात. सर्वसाधारण मुदत १२ वर्षांची. काही वचनांत बापासाठी ती १५ वर्षं केली आहे. मुदत संपली की पळसाच्या ३६० देठांची माणसाच्या आकाराची प्रतिमा करायची. डोक्याला इतके, छातीला इतके, पायांना इतके, असा हिशोब दिलेला आहे. डोक्याच्या जागी नारळ. मग त्या प्रतिमेला अग्नी द्यायचा आणि तिथून दिवस धरायचे. पां. वा. काण्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात लिहून काढले आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांच्यामुळे हे सगळं आज आपल्यासारख्यांना संस्कृत न शिकता वाचता येतं.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या तरतुदीची. दहन झालं, तेरावं झालं, आणि माणूस परत आला तर? तर त्याला तुपात न्हाऊ घालायचं आणि नुकताच जन्मला असं समजायचं. जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, मुंजही पुन्हा, आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. “पुन्हा लग्न? ते मला विचारून की न विचारता?” याचं उत्तर काही ग्रंथात सापडलं नाही.

इंग्रजांनी ही मुदत कमी केली. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, ज्यांना बातमी कळणं साहजिक आहे अशांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. १ जुलै २०२४पासून नवा साक्ष कायदा आला, त्यातही सात वर्षं कायम आहेत. म्हणजे कायद्याने पाहिलं तर बाबांची मुदत २०१५ला संपली आणि शास्त्राने २०२०ला, फार तर २०२३ला. कागद दोन्हीकडून तयार होते. घरात मात्र कोणी सही करत नव्हतं.

एका रात्री वाचता वाचता पानिपतावर पोहोचलो, तेही वसईवरून.

आमच्याकडच्या शाळेत चिमाजीअप्पा न चुकता असतात. १७३७ साली अर्नाळा घेतला, मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. सहलीत त्यांच्या पुतळ्यापाशी फोटो काढलेला नाही असा पोरगा वसई-विरारमध्ये सापडायचा नाही. पण वसई जिंकणाऱ्या या माणसाचं घर शाळेत कोणी शिकवत नाही. त्यांची बायको रखमाबाई बाळंतपणानंतर महिन्याभरातच गेली. ते बाळ म्हणजे सदाशिवराव, पानिपतचे भाऊसाहेब. डिसेंबर १७४०मध्ये चिमाजीअप्पाही गेले. दहाव्या वर्षी मुलगा पुरता पोरका झाला आणि आजीच्या, राधाबाईंच्या, हाताखाली वाढला.

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं नक्की कोणीच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी शिर नसलेलं एक धड सापडलं. ते भाऊंचंच असं काहींनी खुणांवरून ओळखलं आणि शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने त्याला अग्नी मिळाला, असं काशिराजाने लिहून ठेवलंय. पण शिर नव्हतं. त्या एका उणिवेतून पुढची बावीस वर्षं निघाली.

भाऊसाहेबांची बायको पार्वतीबाई, पेणच्या कोल्हटकरांची लेक. ती स्वतः पानिपतावर होती. तिथून वाचून, हालअपेष्टा सोसत पुण्याला परत आली. नवरा गेला हे तिने मानलं नाही. केशवपन केलं नाही, सौभाग्यवतीसारखी राहिली. पेशव्यांच्या घरात, त्या काळात, त्या पुण्यात! आजूबाजूला सगळं शास्त्र जाणणारे लोक. १२ वर्षांची मुदत त्यांना काय माहीत नव्हती? १७७३ला ती भरली, आणि तरीही तिचं राहणं बदललं नाही.

मग तोतया आला. भाऊसाहेबांसारखा दिसणारा एक कनोजी ब्राह्मण उत्तरेत प्रकट झाला, ‘मीच भाऊ’ म्हणाला, आणि लोकांनी विश्वास ठेवला. पुण्यात चौकशी झाली, तो खोटा ठरला, त्याला किल्ल्यांवर कैदेत ठेवलं. १७७६मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरून तो सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, फौज जमली. शेवटी राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. बंडाचं राजकारण सगळे सांगतात: नाना फडणीस, कारभारी, त्यांच्यावर नाराज असलेले सरदार. मला प्रश्न पडला तो वेगळाच. एका खोट्या माणसामागे हजारो लोक गेले, ते फक्त राजकारणासाठी? पानिपतावरून घरोघरची माणसं परतली नव्हती. ज्यांचं प्रेत आलं नाही, निरोप आला नाही, अशांची किती घरं असतील! भाऊ पंधरा वर्षांनी परत येऊ शकतात, तर आपलाही येईल. मी सहावी-सातवीत असताना विरार स्टेशनवर पाठमोऱ्या माणसांच्या पुढे जाऊन त्यांचे चेहरे बघायचो. त्यामुळे तोतयामागे धावणाऱ्यांना मला वेडं म्हणवत नाही.

पार्वतीबाई १७८३ साली वारली. त्यानंतर तिची आणि भाऊसाहेबांची उत्तरक्रिया एकत्रच केली गेली. बावीस वर्षं अडून राहिलेला विधी ती गेल्यावर झाला. इतक्या मोठ्या दरबाराला एका बाईच्या ‘नाही’साठी थांबावं लागलं. चुलत्यापुतण्यांची भांडणं, तह, लढाया यांच्या इतिहासात ही ओळ तळटिपेसारखी येऊन जाते. मला ती पानिपताइतकीच मोठी वाटते.

हे वाचल्यावर मी आपल्या पितरांच्या दिवसांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. मला ते दिवस आवडायचे नाहीत. पंधरा दिवस खरेदी नाही, बोलणी नाहीत, आणि इन्स्टाग्रामवर ‘पितृदोष असल्याची सात लक्षणं’. नोकरी लागत नाही? पितृदोष. लग्न जमत नाही? पितृदोष. ही भीती विकणारे लोक आहेत आणि त्यांचा धंदा जोरात आहे. पण खुद्द पंधरवड्याची रचना बघा. ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याचं. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईसाठी नवमी. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यासाठी चतुर्दशी. तिथी माहीतच नसेल तर शेवटची अमावास्या, सर्वपित्री. ज्याने कोणी हे बसवलं त्याला ठाऊक होतं की सगळे मृत्यू सरळ नसतात आणि सगळ्यांची नोंद नसते. तर्पणाच्या शेवटी तर जे आपले नातलग होते त्यांनाही पाणी देतात आणि जे कोणीच लागत नव्हते त्यांनाही. कोणावर प्रेम होतं का, हे कुठेच विचारलेलं नाही. पाणी द्यायला प्रेम लागत नाही. फादर्स डेच्या कार्डाला मात्र लागतं.

दहाव्याचा कावळा हा तर आणखी वेगळा प्रकार. आजोबा २०१४ला गेले, बाबांची वाट बघत गेले. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसलेत, खाली एक येत नाही. मग सुरू होतं ते सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. एकेक जण पुढे होऊन मेलेल्या माणसाला वचन देतो. काका म्हणाले, वाडी विकणार नाही. आत्या म्हणाली, आईला सांभाळू. कावळा ढिम्म. सगळे गप्प झाले आणि हळूहळू आईकडे बघायला लागले. आजोबांचा जीव कशात अडकलाय हे सगळ्यांना माहीत होतं. आई बराच वेळ पदर धरून उभी होती. मग मोठ्याने म्हणाली, “ते आले तर दार लावणार नाही.” पाचेक मिनिटांनी कावळा खाली आला. काका अजून म्हणतात की तो वाडीच्या वचनाला आला.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि आईवर भयंकर चिडलो होतो. दार का नाही लावणार? आज वाटतं, आमच्या घरात बाबांबद्दल उघड्यावर उच्चारलेलं ते एकच वाक्य होतं, आणि ते उच्चारायला एक पक्षी लागला.

पितृपक्षाच्या पंधरवडाभर आधी पिठोरी येते, श्रावणातली अमावास्या. दिनदर्शिकेत त्याच चौकोनात ‘मातृदिन’ असं छापलेलं असतं. मे महिन्यातला मदर्स डे आपला नाही, आपला हा, असे फॉरवर्ड दरवर्षी फिरतात. फिरवणाऱ्यांनी पिठोरीची कहाणी वाचली असेल का, याची मला शंका आहे. कहाणीत एका घरी श्रावणी अवसेला बापाचं श्राद्ध असतं. नेमकी त्याच दिवशी सून बाळंत होते, मूल जातं, आणि जेवायला बोलावलेले ब्राह्मण उपाशी परततात. असं सहा वर्षं होतं. सातव्या वर्षी सासरा संतापतो, मेलेलं मूल तिच्या ओटीत टाकतो आणि तिला रानात हाकलून देतो. सात लेकरं गमावलेल्या बाईवर तिच्या दुःखाने पितरांचा दिवस बिघडवला असा ठपका! रानात झोटिंगाची बायको तिला वाट दाखवते. ती झाडावर चढून बसते. खाली नागकन्या, देवकन्या साती अप्सरांना घेऊन पूजेला येतात, खीरपुरीचा नैवेद्य दाखवतात आणि विचारतात, अतिथी कोण आहे? ती वरून सांगते की मी आहे. तिची सातही मुलं तिला जिवंत परत मिळतात.

यावरूनच तो खेळ आला. आई पाठ करून बसते, खीरपुरीचं ताट खांद्यावरून मागे धरते आणि विचारते, “अतीत कोण?” मागून मूल म्हणतं, “मी.” अतीत म्हणजे अतिथी. शाळेत व्याकरण शिकल्यावर मला वाटायचं, आई विचारतेय की भूतकाळ कोण. मी एकटाच असल्यामुळे ताट दरवर्षी मलाच मिळालं.

मातृदिनाची ही गोष्ट गोड नाही. घरातून काढलेली, रागावलेली, मेलेलं मूल ओटीत घेऊन चालणारी आई तिच्या मध्यभागी आहे. आणि तो दुसरा, मे महिन्यातला? त्याची सुरुवात तर चक्क वर्षश्राद्धातून झाली. अमेरिकेतल्या अ‍ॅना जार्विसची आई ९ मे १९०५ला वारली. १० मे १९०८ला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये तिच्या आठवणीत प्रार्थना झाली आणि अ‍ॅनाने आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशनची फुलं तिथे पाठवली. १९१४ला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृत केला. मग फुलवाले आले, कार्डवाले आले, चॉकलेटवाले आले, आणि अ‍ॅनाने उरलेलं आयुष्य स्वतः सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध भांडण्यात घालवलं. १९४८ला ती एका सॅनेटोरियममध्ये गेली. तिला स्वतःला मूल नव्हतं. फादर्स डेची कथाही तशीच. १९१० साली स्पोकेन शहरात सोनोरा डॉड या बाईने तो सुरू केला, बायको गेल्यावर एकट्याने मुलं वाढवणाऱ्या आपल्या बापासाठी. दोन्ही दिवसांच्या मुळाशी एकेक गेलेलं माणूस आहे. दुकानात येईपर्यंत दुःख गळलं आणि कृतज्ञता उरली. ज्यांच्याकडे कृतज्ञता नाही किंवा नुसती कृतज्ञता नाही, त्यांनी त्या रविवारी फोन बाजूला ठेवायचा.

नंदाखालच्या एका कॅथलिक मित्राला हे सांगत होतो. तो म्हणाला, “आमचं २ नोव्हेंबरला.” सगळ्या मृतांचा दिवस, क्लुनीच्या मठातल्या ओदिलो नावाच्या मठाधिपतीने इ.स. १०००च्या आसपास तो नेमून दिला. आमच्या भागात त्या दिवशी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. त्याचे वडील दारूने गेले. “मेणबत्ती लावतो आणि लगेच निघतो,” म्हणाला, “पण लावतो.”

आता दुसरी बाजू. हे सगळे विधी पोकळ आहेत असं म्हणणारेही आमच्याकडे आजचे नाहीत. आगाशीपासून जवळच भुईगाव आहे. तिथे १९५६मध्ये सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्याचा तुकडा त्याआधी, १८८२ला, सोपाऱ्यात मिळाला होता. त्याच वर्षी भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाचा कोट म्हणतात तो ढिगारा खणला आणि आतून स्तूप निघाला. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. नवव्या लेखाचा विषयच विधी हा आहे. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, बायका तर फारच, आणि त्यांचं फळ थोडंच, असं राजा म्हणतो. त्यापेक्षा दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान, हा विधी खरा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आमच्या बंदरात हे दगडावर कोरून ठेवलं होतं. यादी मी दोनदा वाचली. मृत्यूचं नाव तीत नाही, ‘असे इतरही’ एवढंच आहे. प्रवास मात्र आहे. बाबा वापीला निघाले तेव्हा आईने हातावर दही दिलं होतं, ते मला आठवतं.

बायकांच्या विधींना क्षुल्लक म्हणणं राजाला सोपं होतं, असंही वाटून गेलं. जोतीराव फुल्यांचा विरोध मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यांनी नुसतं बंद करा म्हटलं नाही. १८४९ला समाजाच्या दबावाने वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं होतं. बापाने दार लावलं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. १८७३ला सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. विधी ठेवला, मधला माणूस काढला. आमच्या घरात इतकी हिंमत नाही, हे कबूल करतो.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री, रविवार होता. आजी-आजोबांचं पान काकांकडे असतं, त्यामुळे आमच्या घरी त्या दिवशी कधीच काही नसायचं. सकाळी उठलो तर आईने वडे तळायला घेतले होते. भोपळ्याची भाजी, खीर, आमसुलाची चटणी. केळीच्या पानावर सगळं वाढून तिने ते मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. ना संकल्प, ना कोणाचं नाव. मी विचारलं, “हे कोणासाठी?” ती म्हणाली, “ज्याला भूक असेल त्याच्यासाठी.”

मग आत येऊन ओट्यापाशी उभी राहिली. पार्वतीबाईची गोष्ट मी तिला दोन दिवसांपूर्वी सांगितली होती, तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता म्हणाली, “ती बाई, पानिपतावरची. शेवटपर्यंत तशीच राहिली?”

“हो. बावीस वर्षं.”

“आणि लोकांनी राहू दिलं?”

“दिलं.”

वडा उलटला, तेल निथळू दिलं. “मग माझ्या नावाआधी सौ. छाप. मला काही त्यांची वाट बघायची नाहीये, तू तसं समजू नकोस. ते आले तर बसतील, जेवतील, जातील. पण मेले म्हणून मी सांगणार नाही. मला माहीत नाही तर मी का सांगू?”

“आणि त्यांच्या नावाआधी?”

“नुसतं नाव. आधी काही नको.”

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, मग नांदीश्राद्धात आजोबांपासून सुरुवात करू, अडचण नाही. दुसऱ्या दिवशी पत्रिकेवाल्याला मजकूर पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. वडिलांच्या नावाआधी श्री. राहिलंय सर, टाकू का? म्हटलं, नको, आहे तसंच छापा.